एक पायरी खाली

मास्तरांनी तिचा कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला, भिजलेला मोजा धरावा तसा, आणि अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, "बाई, नाक तुम्हाला देवाने दिलंय. हात कुणी दिलाय ते मात्र कळत नाही." वर्ग हसला. हसायला काय जातंय. वर्गातली निम्मी पोरं तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, वाइन म्हणजे काहीतरी झकास करिअर असतं असं कुठेतरी ऐकून आलेली. तिच्यापुढे पांढऱ्या कागदावर सहा ग्लास होते, प्रत्येकात दोन घोट उरलेले, पायाशी थुंकायची बादली, आणि जिभेवर शेवटच्या लाल वाइनचा तुरटपणा अजून चिकटलेला. मास्तर एकेक ओळ वाचत होते. रंग बरोबर. वास बरोबर. चौथ्या बाटलीचं बूच खराब होतं, वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारत होता, तो अख्ख्या वर्गात एकट्या तिला आला होता. आंबटपणा बरोबर, तुरटपणा बरोबर. "आणि मग येतं अल्कोहोल," मास्तर म्हणाले. "कमी, मध्यम, जास्त. तीनच पायऱ्या. आणि तुम्ही सहाच्या सहा वेळा एक पायरी खाली लिहिलंय. मागच्या वेळी तेच, त्याच्या मागच्या वेळी तेच. अहो, चुकणारा माणूस कधी वर चुकतो, कधी खाली चुकतो. तुम्ही एकाच बाजूला चुकता. ह्याला चूक नाही म्हणत."

"मग काय म्हणतात?" तिने विचारलं. आवाज नको तितका वर गेला.

मास्तरांनी खांदे उडवले. उभी हयात त्यांनी बोटींवर आणि तळघरांत बाटल्या सांभाळण्यात घालवली होती, गोड बोलायला ते कधी शिकलेच नव्हते. "आमच्या वेळी ह्याला खोटं बोलणं म्हणायचे," असं म्हणून त्यांनी पुढच्याचा कागद उचलला.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने ग्लास पुसले, एकेक करून आपल्या कप्प्यांच्या पिशवीत ठेवले, आणि वर्ग संपायच्या आधीच बाहेर पडली. रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती, आणि गर्दीला तिच्या रागाशी काही देणंघेणं नव्हतं. खोटं! दोन वर्षं ती हॉटेलात दुपारभर उभी राहून लोकांच्या टेबलांवर बाटल्या उघडत होती, सुट्टीच्या दिवशी न पाहिलेल्या मुलखांतले डोंगरउतार पाठ करत होती, कुठली माती, कुठलं ऊन, कुठल्या लाकडाचं पिंप. हॉटेलच्या तळघराचा कारभार तिच्याकडे यायचा होता, पण त्याला पदविका हवी, आणि पदविकेत चव घेण्याचा पेपर दोनदा गेला होता. तिसऱ्यांदा गेला की संस्था पुन्हा पहिल्या पायरीवर बसवते. मॅनेजरने तर परवा हसत हसत सांगितलंच होतं, "बघा बुवा, ह्या खेपेला झालं तर झालं, नाहीतर बाहेरून माणूस आणतो." अल्कोहोल चुकलं की पुढचं सगळं गडगडत जातं. द्राक्षं उन्हातली की थंडीतली, बाटली किती वर्षं टिकेल, चांगली की नुसतीच बरी, सगळं त्या एका ओळीवर उभं. आणि ते कळायला काही अक्कल लागते असंही नाही. घोट थुंकून झाला की घशाशी ऊब राहते, ती किती खोल उतरली एवढंच बघायचं. तिला ती ऊब नेमकी कळायची. कळायची, आणि मग पेन खाली घसरायचं. पंक्चरच्या दुकानावरून जाताना जळक्या रबराचा वास आला, पुढे लाँड्रीतून वाफाळलेल्या कपड्यांचा, त्याच्यापुढे कुणाच्या तरी बंद खिडकीतून औषधी मलमाचा. हे नाक म्हणजे छळ होता. वास काही तिला विचारून येत नसत, लहानपणापासून असेच आत घुसत आले होते, आणि हिला वास कळतो हे ज्या दिवशी घरात कळलं त्या दिवसापासून तिचं नाक तिचं राहिलंच नव्हतं.

नऊ वर्षांची असेल. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. त्यांचं पिणं इतर बापांसारखं नव्हतं. ते झोकांड्या खात नसत, ओरडत नसत, हात उचलत नसत. जितकी जास्त घ्यायचे तितके नीटनेटके व्हायचे, चपला रेषेत लावायचे, शब्द निवडून बोलायचे. डोळ्यांनी बघून कुणाला ताकास तूर लागली नसती. म्हणून आईने तिला कामाला लावलं. जिन्यात पावलं वाजली की आई तिच्या पाठीला हात लावून पुढे ढकलायची. "जा, बाबांच्या गळ्यात पड." ती धावत जायची, ते खाली वाकायचे, आणि ती त्यांच्या मानेत तोंड खुपसून श्वास घ्यायची. पेपरमिंटची गोळी, काचेची ओली पूड, आणि त्यांच्याखाली ते. मग स्वयंपाकघरात येऊन आईच्या कानात सांगायचं. नाही, थोडी, किंवा जास्त. तीनच उत्तरं. नाही म्हटलं तर आई गुणगुणायची. थोडी म्हटलं तर गुपचूप ताट वाढायची. आणि जास्त म्हटलं की आई म्हणायची, "दप्तर घे," आणि दोघी चालत मामाच्या घरी. तिथे मामीचं दाराएवढं लांब झालेलं तोंड, स्वयंपाकघराच्या फरशीवर अंथरलेली चटई, आणि सकाळी कालचाच चुरगळलेला गणवेश घालून शाळेत. वर्गातल्या मुली गणवेशाकडे बघायच्या. हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने बाबांच्या मानेत तोंड खुपसलं, वास इतका होता की डोळे चुरचुरले, आणि ती आत जाऊन म्हणाली, थोडी. आईने ताट वाढलं. इतकं सोपं होतं ते. त्यानंतर ती कधी जास्त म्हणाली नाही.

बाबांना हे ठाऊक असावं. एकदा त्यांनी तिला कडेवर घेतलं, डॉक्टरपुढे उघडावं तसं तोंड उघडून तिच्या चेहऱ्यावर लांब श्वास सोडला आणि हसून विचारलं, "काय, काय निघालं रिपोर्टमध्ये?" तीही हसली. त्या वयात मूल कशालाही हसतं. पुढे ती सोळाची असताना ते हॉस्पिटलात पिवळे पडून निजले होते, आणि डॉक्टरांनी आईला विचारलं, "किती प्यायचे?" आईने डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून ठणकावलं, "थोडी. रोजची, पण थोडीच." डॉक्टर नुसते रिपोर्ट उलटत राहिले. तिथे भिंतीला टेकून उभं राहून ते ऐकताना तिला आईची जी शिसारी आली, ती आजपर्यंत गेली नव्हती. नवरा मरायला टेकलाय आणि बाई अब्रू झाकतेय! स्वतः त्याच्याजवळ जायची हिंमत नाही, म्हणून पोरीला पुढे केलं. सोडून जायची हिंमत नाही, म्हणून वर्षानुवर्षं ताटं वाढत बसली. ही वाक्यं ती मनात इतक्या वेळा म्हणाली होती की आता ती तोंडपाठ झाली होती, डोंगरउतारांसारखी.

तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा दार उघडंच होतं. आई उंबऱ्यात उभी. सत्तरीला आलेली, ताठ, डोक्यावर एक केस इकडचा तिकडे नाही. शेजाऱ्यांना ती सांगायची, लेक हॉटेलच्या ऑफिसात असते. आणि क्लास सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी हा एक नवा विधी. लेक आत शिरायच्या आधी आई पुढे वाकायची आणि तिच्या तोंडाजवळ नाक आणून श्वास ओढायची. "आलं का दप्तर!" आई पिशवीकडे बघून म्हणाली, आणि वाकली, आणि हुंगलं. मग समाधानाने मान हलवून म्हणाली, "आज काही नाही वाटतं. बरं झालं."

ती तशीच उभी राहिली. आज सहा वाइन तोंडात घोळवून झाल्या होत्या. तोंड धुतलं नव्हतं, बडीशेप खाल्ली नव्हती, रागाच्या भरात पाणीसुद्धा प्यायली नव्हती. तिचं तिलाच आपल्या श्वासात पिंपाचं लाकूड येत होतं. आणि परवा, सर्दीने क्लास बुडवून नुसती वाचनालयात बसून आली होती, तेव्हा हीच बाई म्हणाली होती, "येतोय गं, येतोय वास." तिच्या डोक्यात काहीतरी लख्खकन जागेवर बसलं. म्हणजे हुंगणं हे नुसतं नाटक होतं, लेकीला रोज दारात उभं करून हिणवायचं नाटक. थांब, दाखवतेच तुला. त्यांच्या वर्गात एक पद्धत होती. तीन ग्लास घ्यायचे, दोनांत एकच गोष्ट, तिसऱ्यात वेगळी, डोळे मिटून वेगळा ओळखायचा. त्यात कुणालाही थाप मारता येत नाही. तिने पिशवीतून तीन ग्लास काढले. दोनांत पाणी ओतलं. तिसऱ्यात अभ्यासासाठी आणलेली ती पांढरी वाइन, जिला फुलांचा इतका घमघमाट होता की बूच काढलं की बाहेरच्या खोलीत कळावं.

"बस इथे. डोळे मीट," ती म्हणाली.

"हा काय पोरखेळ? चहा घे आधी."

"रोज माझं तोंड हुंगतेस ना? आता हे हुंग. तीनमधलं एक पाणी नाही. कुठलं ते सांग."

आईने डोळे मिटले. तिने पहिला ग्लास आईच्या नाकाखाली धरला, मग दुसरा, मग तिसरा. आई प्रत्येक वेळी जाणकारासारखा लांब श्वास घेत होती. मग पहिल्या ग्लासावर बोट ठेवून तोंड वाकडं करून म्हणाली, "ही. शी! कसला घाणेरडा वास गं." पहिल्यात पाणी होतं. तिने ग्लासांच्या जागा बदलल्या. आईने पुन्हा पाण्याकडे बोट दाखवलं. तिने वाइनचा ग्लास आईच्या वरच्या ओठाला टेकेल इतका जवळ नेला, आणि आई शांतपणे म्हणाली, "हे पाणी." "पाणी नाही ते!" लेक किंचाळली. "तुला काही येत नाहीये! उगीच मला दारात उभं करून, चोरासारखं... काय मिळतं तुला ह्यातून?"

आईने डोळे उघडले. तिन्ही ग्लासांकडे बघितलं, आणि पदराने वरचा ओठ पुसला. "नाहीच येत मला वास," ती म्हणाली. "कधीच आला नाही. जन्मापासून."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. लेकीला एकामागून एक दिसत गेलं. "बघ गं, दूध नासलंय का." "बघ गं, हे पातेलं करपलंय का." आई दूध तापायला ठेवलं की शेगडीपुढून हलत नसे, पहारेकरी उभा राहावा तशी, आणि तिला वाटायचं ही बाई काटेकोर आहे. बिनवासाची फुलं आणि वासाची फुलं ती सारख्याच डोळ्यांनी बघायची. एवढं तीक्ष्ण नाक घेऊन ती ह्या घरात वाढली, आणि एवढी गोष्ट तिच्या नाकाखाली राहून गेली. आई सांगत होती, सावकाश, भाजी निवडताना बोलावं तशी. "माझ्या आईने बजावलं होतं, लग्नाआधी कुणाला बोलू नकोस, नंतरही बोलू नकोस. ज्या बाईला वास येत नाही तिच्या हातचं कोण खाईल? मग सांगायचं राहूनच गेलं. तुझ्या बाबांनाही माहीत नव्हतं."

"मग आता दारात हुंगतेस ते कशाला?"

"मी हुंगलं की तू चिडतेस," आई म्हणाली, "आणि चिडलीस की खरं सांगून मोकळी होतेस. 'वीस चाखल्या आणि वीस थुंकल्या' असं त्या दिवशी ओरडलीस ना? मग मला झोप लागते. आज ओरडली नाहीस, म्हणून मी म्हटलं काही नाही." आणि मग तिने लेकीच्या मनगटावर हात ठेवला, जो ती सहसा ठेवत नसे. "तू कधी खोटं बोलली नाहीस मला. लहानपणापासून. तुझ्या नाकाच्या जिवावर मी संसार केला बघ. दोनदा आपण मामाकडे गेलो, आठवतं? तेव्हा मामाने स्पष्ट सांगितलं होतं, आता पुढच्या वेळी आलीस की परत जायचं नाही, मी खोली बघून ठेवलीय. मीही ठरवलं होतं, पुढच्या वेळी तू जास्त म्हणालीस की कायमचं. पण तू नंतर थोडीच म्हणत गेलीस. मला वाटलं, सुधारले. पोरीपायी कमी केली त्यांनी. मग कशाला मोडायचं घर?"

लेकीने हात सोडवून घेतला. खरं तर तिला ग्लास भिंतीवर फेकायचा होता, पण तो अभ्यासाचा ग्लास होता. "नऊ वर्षांची होते मी!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. "नऊ वर्षांच्या पोरीवर टाकलंस तू हे सगळं!" आई म्हणाली, "मग कुणाला विचारणार होते मी?" आणि उठून चहा टाकायला गेली. शेगडीपुढे उभी राहिली, दुधावर डोळे रोखून.

पुढचा सगळा आठवडा तिचा राग घरभर मालक शोधत फिरला. आजवर तो कसा ऐटीत राहिला होता, त्याला आईचं नाव होतं, हॉस्पिटलातल्या त्या वाक्याचा पत्ता होता. थोडी, रोजची, पण थोडीच. बाई अब्रू झाकत नव्हती. बाई आपल्या पोरीवर विश्वास ठेवून, जे खरं समजत होती तेच डॉक्टरांना सांगत होती. मग चिडायचं कुणावर? बाबांवर? ते तर तोंड उघडून उभे होते, घे, रिपोर्ट घे म्हणत. मामीच्या तोंडावर? चुरगळलेल्या गणवेशाकडे बघणाऱ्या त्या पोरींवर? फरशीवर झोपायला लागू नये म्हणून एक शब्द बदलणाऱ्या त्या चिमुरडीवर? तिच्यावर तर चिडताच येत नव्हतं, आणि म्हणूनच जास्त संताप येत होता. मोठी माणसं दोन होती घरात. दोघांनीही एका पोरीच्या नाकाला घर टांगलं आणि पुन्हा तिलाच विचारत राहिली, किती, किती. हॉटेलात तिने एका गिऱ्हाइकाला फाडकन उत्तर दिलं, आणि मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या. घरी आईशी ती कामापुरतं बोलत होती. आई दारात वाकायची थांबली होती, नुसती उभी राहायची, आणि ते हुंगण्याहून असह्य होतं.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये लांब टेबलं, पांढरे कागद, कुणाचा खोकला, आणि पायाशी बादल्या. परीक्षक बाटल्यांना कापडी पिशव्या घालून ओतत गेल्या. पहिल्या दोन वाइन झाल्या. तिसरी गडद लाल, नाकाला सुकलेल्या फळांची, नव्या लाकडाची. तिने घोट घेतला, गालांत फिरवला, थुंकला. ऊब घशाशी आली, मग छातीशी उतरली आणि तिथे बसून राहिली. पेन आपसूक मध्यमकडे निघालं. तेव्हा तिला पेपरमिंट आली. ग्लासात पेपरमिंट नव्हती, तेवढं तिला नक्की कळत होतं, पण ती आली, तिच्याबरोबर काचेची ओली पूड आली, मानेजवळचा घाम आला, आणि पाठीला मागून लागलेला आईचा हात. हाताने ढकललं. जास्त, तिने लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की निबेने कागद फाडला. मग ती मागच्या दोन्ही वाइनकडे वळली, पुन्हा चाखलं, खोडलं, लिहिलं. एका ठिकाणी मध्यम खरंच मध्यम होतं, तेही तिने तपासून बघितलं, रागारागाने, कुणी फसवत तर नाही ना म्हणून. बाहेर पडली तेव्हा जबडा दुखत होता. पास की नापास, निकाल यायला अवकाश होता, आणि तिला निकालाची घाईही नव्हती. बस सोडून ती चालत घरी आली. सगळ्या रस्त्यावर वास होते, आणि प्रत्येकाचं नाव तिला येत होतं.

दार उघडं होतं. आई उंबऱ्यात, ताठ. हुंगायला वाकली नाही. नुसतं विचारलं, "आज किती?"

ओरडायचं सगळं तयार होतं. सहा चाखल्या, सहा थुंकल्या. त्याऐवजी ती म्हणाली, "जास्त."

"थुंकलीस ना पण?"

"माझं नाही सांगत. बाबांचं सांगतेय. जास्त असायची, आई. मामाकडून दुसऱ्यांदा परत आल्यानंतर प्रत्येक वेळी जास्तच असायची. मला मामाकडे फरशीवर झोपायचं नव्हतं, म्हणून मी थोडी म्हणायचे. रोज. ते हॉस्पिटलात जाईपर्यंत रोज."

तिला वाटलं, आता आई म्हणेल, माहीत होतं मला. किंवा, जाऊ दे गं, झालं गेलं. तसं म्हणाली असती तर सगळी चाळ गोळा होईल इतकी ती भांडली असती. आईचे ओठ नुसते हलले, हिशेब लावताना हलतात तसे. मग तिने आत जाऊन शेगडी बंद केली. खिडकीची कडी लावली. खुंटीवरची कापडी पिशवी काढली, तिच्यात चष्मा टाकला, एक साडी टाकली. दाराशी येऊन भिंतीला धरून खाली बसली आणि पायात चप्पल घालायला लागली. मामाला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्याचं घर विकून तिथे आता औषधांचं दुकान होतं, ते दोघींनाही ठाऊक होतं. आईला दुसऱ्या चपलेचा अंगठा सापडत नव्हता. लेकीने वाकून ती चप्पल आईच्या पायापुढे सरळ केली.

आई उठली. लेकीकडे तिने बघितलं नाही, जिन्याकडे बघितलं.

"दप्तर घे," ती म्हणाली.

दप्तर खांद्यालाच होतं. तिने दार ओढून घेतलं, आणि पहिल्या पायरीवर आईचा दंड धरला.